पळस्प्याच्या काट्यावरचं मशीन

कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पळस्प्याच्या गोदामात मात्र मला सगळे ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणत. कारण एवढंच की तिथे दुसऱ्या कुणाला माझ्याइतकंही कळत नव्हतं. ड्रायव्हर लोक तर खिडकीत डोकं घालून मोबाइलसुद्धा दुरुस्तीला देत. मी तो उलटसुलट करून, बॅटरी काढून परत घालून देई. बहुतेक वेळा चालू होई आणि माझा दरारा वाढे.

गोदाम म्हणजे पत्र्याच्या दोन शेड, पुढे ट्रक वळवायला मोकळी जागा आणि फाटकाशी वजनकाटा. जमिनीत बसवलेल्या लोखंडी फलाटावर ट्रक चढला की काट्याच्या खोलीत लाल आकडा उमटे. त्या खोलीच्या खिडकीत चाचा बसत. चाचा पनवेलच्या मोहल्ल्यातले. उमेदीची वर्षं आखातात काढून परतलेले, आणि घरात बसून सुनांना सूचना देण्यापेक्षा हे बरं म्हणून इथे लागलेले. त्यांच्या खिडकीसमोर माझी केबिन. मध्ये एक ट्रक जाईल एवढं अंतर. काट्यापासून एक वायर जमिनीखालून माझ्या टेबलापर्यंत यायची आणि माझ्या मशीनला लागायची. चाचांनी बटण दाबलं की वजन माझ्या पडद्यावर हजर. मी पावती काढून देई. दिवसभर हेच.

ते मशीन फार जुनं होतं. त्याच्यात लिनक्स होतं, म्हणजे काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, माऊस नाही. त्यावर गोदामाचा प्रोग्राम चाले. तो ज्याने लिहिला तो माणूस कंपनी बंद करून कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. आलेला-गेलेला सगळा माल त्याच्या पोटात. मी त्याला हात लावायचा तो फक्त धूळ पुसायला.

माझ्या दृष्टीने पळस्प्याची ती केबिन नोकरीपेक्षा जास्त काहीतरी होती. आमचं घर खांदा कॉलनीत. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली. बायको नेऱ्याच्या शाळेत शिकवायची, सकाळी निघायची ती संध्याकाळी यायची. दुपारी मी मिनीडोर रिक्षा पकडून घरी जाई, कालवण गरम करी, आईला भरवी, तिची कूस बदलून देई आणि परत येई. तेवढा वेळ चाचा माझी केबिन सांभाळत. दुसऱ्या कुठल्या ऑफिसने हे चालवून घेतलं असतं? जेवण झालं की आई रोज तेच म्हणायची, “जा आता, कामाव उशीर होल. तुजं मशीन वाट बगत आसंल.” मशीन म्हणजे तिला गोठ्यात बांधलेलं एखादं जनावर वाटत असावं.

आणि एक दिवस ते जनावर कण्हायला लागलं. आतून करकर आवाज यायचा, मग थांबायचा. मी पुण्याला हेड ऑफिसमध्ये फोन केला. तिथे कॉम्प्युटरचं बघणारे एक साहेब होते. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, पण साहेब ते साहेब.

ते म्हणाले, “हे बघा, ते मशीन मेलं तर सगळा रेकॉर्ड जाईल. मग पळस्पे बंदच करावं लागेल. वरच्यांचा विचार तसाही चाललाय. एकच उपाय आहे. नवा कॉम्प्युटर पाठवतो, त्याच्या आत तुमचं जुनं मशीन बसवायचं.”

“आत म्हणजे? खोललं तर मोडेल ना ते.”

“तसं नाही हो. व्हर्च्युअल मशीन. कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर. बाहेरचा होस्ट, आतला गेस्ट. सिंपल आहे. मी फोनवर सांगतो, तुम्ही नेक्स्ट नेक्स्ट करत जा.”

पळस्पे बंद हे दोनच शब्द मला ऐकू आले होते. मी म्हटलं, “करतो साहेब.”

चाचांना सांगितलं तर ते हसले. “म्हणजे खऱ्या मशीनमध्ये खोटं मशीन?”

“हो.”

“आणि काम कोण करणार? खोटं?”

“हो चाचा.”

“या अल्लाह,” चाचा म्हणाले आणि पान लावायला बसले.

नवा कॉम्प्युटर आला, चकचकीत काळा, विंडोजवाला. साहेबांनी सांगितलेला प्रोग्राम त्यावर चढवला. मग त्याने विचारायला सुरुवात केली. आतल्या मशीनला नाव काय? मेमरी किती द्यायची? डिस्क किती मोठी हवी? जे मशीन अजून जगात नाही त्याची पोटभर चौकशी. मी फोनवर विचारून एकेक सांगत गेलो. शेवटी पडद्यावर एक खिडकी उघडली, काळी, रिकामी. तेच ते म्हणे मशीन.

मी त्या खिडकीत क्लिक केलं आणि माऊसचा बाण आत गेला तो बाहेर यायचं नाव घेईना. माऊस फिरवला, आपटला, फुंकर मारली. बाण त्या चौकटीच्या आतच भिंतींना धडका देत बसला. नवा कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी बिघडवला म्हणून घाबरून मी सरळ प्लग उपटला. परत चालू केला, परत क्लिक, परत तेच. साहेबांना फोन लागला तेव्हा ते हसून म्हणाले, “अहो, उजवीकडचं कंट्रोल दाबा, सुटेल.” एवढंच होतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? पण असं साहेबांना विचारता येत नाही.

लिनक्सची सीडी घातली. बरंच पुढे गेल्यावर पडद्यावर आलं: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं?

कुठल्या डिस्कवरचं? बाहेरच्या की आतल्या? नेटवर्कच्या वायरने जुनं मशीनही त्याच कॉम्प्युटरला जोडून ठेवलेलं होतं. तेसुद्धा पुसलं गेलं तर? साहेबांना फोन लावला, ते मीटिंगमध्ये. मी हात मांडीवर ठेवून त्या प्रश्नाकडे बघत बसलो. बाहेर ट्रक हॉर्न मारत होते. चाचा खिडकीतून म्हणाले, “बिस्मिल्ला म्हण आणि दाब.” मी दाबलं नाही. माझी छातीच होईना. तो प्रश्न तसाच ठेवून घरी जाऊन आईला जेवू घातलं. घास भरवतानाही डोळ्यांपुढे तेच वाक्य. आई म्हणाली, “तुजं ध्यान नाय आज. मिठाचा खडा आला तोंडान.”

परत आलो तर साहेबांचा फोन. “आतली हो, आतली डिस्क. ती काय खरी डिस्क आहे का? ती नुसती एक फाइल आहे. मोठी फाइल. घाबरता काय?”

मी दाबलं. लिनक्स चढलं. पण जुना प्रोग्राम त्यावर चालेना. नवं लिनक्स त्याला ओळख देईना. साहेबांनी फोनवर बराच वेळ काहीबाही टाइप करायला लावलं, प्रत्येक वेळी पडद्यावर तीच नकाराची ओळ. शेवटी ते म्हणाले, “जुन्या मशीनबरोबर लिनक्सची जी मूळ सीडी आली होती ती लागेल. आहे ना जपून ठेवलेली?”

“आहे ना,” मी ठोकून दिलं.

सगळे ड्रॉवर पालथे घातले. कपाट उलटंपालटं केलं. सीडी नव्हती. मी डोकं धरून केबिनच्या दारात बसलो. ओरडायचं तरी कुणावर? समोर चाचांच्या खिडकीत कबुतरं येऊ नयेत म्हणून दोऱ्याला टांगलेल्या सीड्या वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. मी उठलो. एकेक हातात घेऊन वाचू लागलो. तिसरी आमची होती.

“तूच दिली होतीस,” चाचा म्हणाले. “जुनी आहे, घेऊन जा म्हणालास.”

उन्हापावसाने तिच्यावर ओरखडे पडले होते, एका बाजूला कबुतराने आपलं मत नोंदवलेलं. चाचांनी ती पाण्याने धुतली, आपल्या रुमालाने आतून बाहेर पुसत नेली, आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. ड्राइव्हने ती घरघरत, अडत, पुन्हा घरघरत वाचली. मी देवाचं नाव घेत होतो आणि चाचाही काहीतरी पुटपुटत होते. जुनं लिनक्स नव्या खिडकीत उभं राहिलं. तोच काळा पडदा, तीच पांढरी अक्षरं. रेकॉर्ड वायरीतून आत आला आणि प्रोग्राम सुरू झाला. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, वाचलं पळस्पे.

पण आतल्या मशीनचं घड्याळ मागे पडायचं. बाहेरचा कॉम्प्युटर बरोबर वेळ दाखवी आणि त्याच्याच पोटातलं मशीन रेंगाळत असे. एकदा ते लक्षात आलं म्हणून मी भर दिवसा ते मागून पुढे सरकवलं, तर एक ट्रक पावतीप्रमाणे गोदामात तासभर जास्त थांबलेला निघाला आणि त्याचा ड्रायव्हर माझ्याशी भांडून गेला. साहेब म्हणाले, “रोज सकाळी घड्याळ लावत जा.” मग मी रोज सकाळी आल्या आल्या ते लावी, वडील भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत तसं.

आणि वायर. काट्याची वायर नव्या कॉम्प्युटरला लागेना, कारण त्याला तसं भोकच नव्हतं. पनवेलच्या बाजारातून जोडणी आणली. आता बाहेरच्या कॉम्प्युटरला काटा दिसू लागला, पण आतल्या मशीनला दिसेना. दोघं एकाच डब्यात, आणि एकाला दिसतं ते दुसऱ्याला नाही. मी साहेबांना फोन करकरून थकलो. ते सांगतील ते दाबलं, बंद केलं, चालू केलं. आतलं मशीन ढिम्म. शेवटी ते वैतागून म्हणाले, “तूर्तास हाताने टाका वजन.”

मग आम्ही आमची रीत काढली. ट्रक चढला की चाचा खिडकीतून मोठ्याने ओरडत, “चोवीस टन तीनशे ऐंशी!” मी तो आकडा टाइप करी आणि ओरडून सांगे, “घेतलं!” माझं ‘घेतलं’ ऐकल्यावरच चाचा ट्रकला उतरायची खूण करत. मी ‘घेतलं’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, हा नियम ड्रायव्हर लोकांच्याही अंगवळणी पडला. चाचांचा आवाज खणखणीत. आखातात कसल्याशा गोदीवर त्यांनी आयुष्यभर ओरडण्याचंच काम केलं होतं. मला ही रीत वायरपेक्षा बरी वाटू लागली. वायर कधी चुकीचा आकडा आला तर सांगत नसे. चाचा सांगत, “थांब, टायर बाहेर आहे याचा.”

खंडेनवमीला गोदामात पूजा असते. त्या दिवशी हेड ऑफिसचा कुणीतरी पेढे घेऊन येतो. त्या वर्षी ते फोनवाले साहेबच आले. काट्याला झेंडूची माळ घातली. फुलं दरवर्षी चाचाच पनवेलच्या बाजारातून आणत, आणि पूजा होईपर्यंत बाजूला हात बांधून उभे राहत. जुनं मशीन आता बंद होतं, पण मी त्यालाही कुंकू लावलं. त्याच्या पत्र्यावर आधीच्या सगळ्या वर्षांचे डाग होतेच. मग नव्यापाशी आलो आणि बोट तसंच राहिलं.

“लाव की,” चाचा म्हणाले.

“कुठे लावू? हा तर नुसता बाहेरचा. काम करतंय ते आत आहे.”

साहेब हसले. चाचा गंभीरपणे म्हणाले, “डब्याला लाव. आतल्याला पोहोचेल.” मी मॉनिटरच्या कडेला लावलं.

तेवढ्यात एक ट्रक काट्यावर चढला. चाचा खिडकीकडे धावले. आकडा ओरडले. मी टाइप करून “घेतलं!” म्हटलं. ट्रक गेला. साहेब त्या मधल्या जागेत पेढा हातात धरून उभे होते. एकदा माझ्याकडे बघत, एकदा चाचांकडे.

“वायर लागलीच नाही का शेवटी?”

“नाही ना साहेब. पण काही अडत नाही,” मी उत्साहाने म्हणालो. “चाचा सांगतात, मी टाकतो. एकही चूक नाही.”

“म्हणजे फक्त आकडा ऐकू यायला हवा.”

“बस्स, तेवढंच.”

“छान,” साहेब म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. मला वाटलं, माझं कौतुक झालं. घरी आईलाही सांगितलं.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. आतल्या मशीनची ती मोठी फाइल आहे ना, ती पोर्टेबल डिस्कवर कॉपी करून पाठवून द्या, आपल्याकडे एक प्रत असावी. मी केली. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. इतक्या वर्षांत आलेलं प्रत्येक पोतं, प्रत्येक पिंप, गेलेला प्रत्येक ट्रक त्या पट्टीतून सरकत होता, आणि मी डबा खात बसलो होतो, कारण त्या दिवशी बायकोला सुट्टी होती. चाचांनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून दोरा बांधला. पुण्याला जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने ती पुढच्या काचेखाली, देवाच्या फोटोशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेब फोनवर फार खुशीत होते. “तुमचं काम एकदम परफेक्ट. इकडे फाइल लावली आणि पहिल्या झटक्यात मशीन सुरू! काही करावंच लागलं नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “वरच्यांनी ठरवलंय. मशीन इथेच चालवू. इथे एक मुलगी बसेल. काट्यावरून फोनवर आकडा सांगितला की झालं. चाचा राहतील. तुमची केबिन मात्र... तुमच्यासाठी गुजरातच्या साइटचं बघतोय मी. जाल ना?”

जमणार नाही, एवढंच मी म्हटलं. गुजरातला जाऊन आईला दुपारी कोण भरवणार, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तरी साहेबांचाही नाइलाज होता, तसं ते म्हणालेच. मला खूप राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. साहेब खोटं बोलले नव्हते. पळस्पे बंद झालं नव्हतं. काटा होता, गोदाम होतं, ट्रक होते, मशीनही होतं. मीच तेवढा त्याच्यातून बाहेर राहिलो होतो, आणि ते मशीन मीच माझ्या हाताने नीट, सुखरूप, कुठेही नेता येईल असं करून दिलं होतं. न जमलं असतं तर? तरीही केबिन गेलीच असती. कसंही वळलो असतो तरी शेवट तोच होता, हे कळल्यावर माणसाने काय करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आईला सांगितलं नाही. बायको म्हणाली, सांगू नका, जीवाला लावून घेतील. मी सकाळी डबा घेऊन निघे, पनवेलच्या तळ्याकाठी बसे, ओळखीच्या दुकानांत कामाची विचारपूस करी आणि दुपारी घरी येई. आई जेवे आणि म्हणे, “जा आता, कामाव उशीर होल. तुजं मशीन वाट बगत आसंल.” मी चपला घालून जिना उतरे. खाली फाटकाशी आलं की पुढे कुठे, हा प्रश्न.

एकदा असाच उतरलो आणि पाय सवयीने मिनीडोरच्या थांब्याकडे गेले. पळस्प्याला उतरलो. चाचांनी मला लांबूनच पाहिलं आणि खिडकीतून हात केला. कंपनीने दिलेला मोबाइल त्यांच्यासमोर उभा करून ठेवलेला. माझ्या केबिनला कुलूप होतं. तिच्या पायरीवर मी बसलो.

“आईने जेवण केलं?”

“केलं चाचा.”

“तू?”

मी मान हलवली.

एक ट्रक फलाटावर चढला, थांबला. लाल आकडा उमटला असणार. चाचांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि नेहमीसारखे माझ्याकडे बघून ओरडले, “एकोणीस टन सातशे चाळीस!”

“घेतलं!” मी म्हणालो.

चाचांनी हात केला. ट्रक उतरला, फाटकातून बाहेर पडला आणि गोव्याच्या रस्त्याला लागला. धूळ हळूहळू खाली बसली. मग चाचांनी आधी मोबाइलकडे पाहिलं आणि नंतर माझ्याकडे. तो फोन त्यांनी लावलाच नव्हता.

थोड्या वेळाने तोच वाजला. चाचांनी स्पीकरवर घेतला. पुण्याच्या मुलीचा आवाज होता, गोड, घाईतला. “काका, फाटकावरच्या वॉचमनने गाडी गेल्याचं कळवलंय, पण माझ्याकडे वजन नाही आलं. किती होतं?”

चाचांनी माझ्याकडे बघून फोन खिडकीबाहेर धरला.

मी पायरीवरून उठलो, मध्ये एक ट्रक जाईल एवढं अंतर चालून गेलो आणि म्हणालो, “एकोणीस टन सातशे चाळीस.”

“थँक यू काका,” ती म्हणाली. “घेतलं.”